ऑक्सिटोसिनचा स्प्रे आणि टीएमएस, ऑटिझमसाठी खरंच उपयोग होतो का?

निनादची_आई

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलतो पण मोजकंच, तेही त्याला गरज वाटली तर. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, हळूहळू फरकही पडतोय. मागच्या आठवड्यात एका सेंटरमध्ये गेलो होतो तिथे सांगितलं की याच्या मेंदूत सोशल हार्मोन कमी आहे, ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे सुरू करू आणि जोडीला टीएमएसची (डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय क्षेत्राने मेंदूला उत्तेजन द्यायची) ३० सेशन्स करू म्हणजे नजरेला नजर द्यायला लागेल, मुलांत मिसळेल. रक्त तपासलं नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) केला नाही, मग कमी आहे हे कळलं कसं हे विचारायचं त्या वेळी मला सुचलंच नाही, मी फक्त मान डोलावत होते.

घरी येऊन शोधलं तर जिथे तिथे "प्रेमाचं हार्मोन". तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय की म्हणजे माझ्या मुलाला कुणाबद्दल माया वाटायला जे लागतं तेच त्याच्यात कमी आहे का? तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसतो. बोलत नाही, बघत नाही, भिंतीतल्या पाइपातून पाणी वाहतं त्याचा आवाज ऐकत बसतो दहापंधरा मिनिटं, मग उठून जातो. मी आजवर याला माया समजत आलेय.

तर मला जाणकारांकडून हे हवंय की हा स्प्रे खरंच काम करतो का, टीएमएस लहान मुलांना सुरक्षित आहे का, आणि नाही केलं तर मी त्याची संधी घालवतेय का. शेवटचा प्रश्न झोपू देत नाही.

---

संधिप्रकाश

ताई, मी सामाजिक वागणुकीच्या मेंदूविज्ञानात काही वर्षं काम केलंय, प्राण्यांवर, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला देत नाही, संशोधन कुठवर आलंय तेवढं सांगतो. आधी तुमच्या मनातल्या भीतीचं बोलू. ऑक्सिटोसिन कमी म्हणजे माया कमी असं काहीही सिद्ध झालेलं नाही.

ऑक्सिटोसिन हा ९ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना दिसलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं, तिथून याची गोष्ट सुरू होते, पुढे १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे निम्मं शतक हे बाळंतपणाचं आणि दूध उतरण्याचं हार्मोन होतं. "प्रेमाचं" झालं ते प्रेअरी व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यामुळे. हा प्राणी जोडी करून राहतो, त्याचा जवळचा नातलग मेडो व्होल राहत नाही, आणि दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर (पेशींवरच्या ते पकडणाऱ्या जागा) वेगवेगळ्या जागी दाट असतात. स्यू कार्टर, थॉमस इन्सेल, लॅरी यंग यांनी यावर फार सुंदर काम केलं. पण २०२३ मध्ये क्रिस्पर या जनुकं बदलायच्या तंत्राने ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच काढून टाकलेले प्रेअरी व्होल बघितले तर ते तरीही जोड्या करत होते, पिल्लंही सांभाळत होते. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी कुणाला दुसरं काम सुचलं नाही. याचा अर्थ ऑक्सिटोसिन बिनकामाचं आहे असा नाही, अर्थ एवढाच की जवळीक ही एका रेणूच्या खुंटीवर टांगलेली नाही, तिला बऱ्याच वाटा आहेत. ज्या प्राण्यावरून ही सगळी कहाणी उभी राहिली त्याच्यातच हे दिसलं म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

माणसांचं सांगायचं तर २००५ मध्ये "नेचर"मध्ये एक प्रयोग आला, स्प्रे घेतलेल्यांनी पैशाच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकला असा. प्रचंड गाजला. नंतर मोठ्या संख्येने तो पुन्हा करून बघितला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. पण तोवर "प्रेमाचं हार्मोन" हा शब्द लोकांच्या तोंडी बसला होता.

आता ऑटिझम. सुरुवातीचे छोटे अभ्यास खरोखर आशादायक होते आणि ते करणारी माणसं प्रामाणिक होती हेही सांगायला हवं. २०१७ मध्ये ३२ मुलांवर ४ आठवड्यांची ट्रायल झाली, त्यात आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावलीवर सुधारणा दिसली, ज्यांचं रक्तातलं ऑक्सिटोसिन आधी कमी होतं त्यांच्यात जास्त. तुमच्या सेंटरवाल्यांची "कमी आहे" ही भाषा बहुधा इथूनच आली असणार, पण त्या अभ्यासात निदान मोजलं तरी होतं! मग २०२१ मध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये मोठी ट्रायल आली. ३ ते १७ वयाची २९० मुलं, निम्म्यांना ऑक्सिटोसिन, निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेला तसाच दिसणारा स्प्रे), रोज, २४ आठवडे. लोकांपासून अलिप्त राहण्याचा जो स्कोअर मोजला तो ऑक्सिटोसिन घेणाऱ्यांत सरासरी ३.७ ने कमी झाला आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ३.५ ने.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडच्या मुलांत फरक दिसला, आणि जवळजवळ सारखाच.

रक्तात मोजायचं म्हटलं तरी सोपं नाही. मेंदूत सुटणारं आणि रक्तात सुटणारं ऑक्सिटोसिन एकमेकांशी बांधलेलं नसतं, मध्ये रक्त आणि मेंदूमधला अडसर आहे, आणि मोजायच्या पद्धती इतक्या वेगळ्या आहेत की एकाच रक्ताचा आकडा एका पद्धतीने दुसरीपेक्षा शंभर पटीपर्यंत वर येऊ शकतो. नाकातून मारलेल्यापैकीही फारच थोडा अंश मेंदूत पोचतो, बाकीचा रक्तात जातो आणि तिथे काही मिनिटांतच मोडायला लागतो. त्यामुळे न तपासता "कमी आहे" हे विधान कशावर उभं आहे ते मला तरी कळत नाही.

---

वाटसरू_७

मला हे जरा एकतर्फी वाटलं. माझ्या मामेभावाचा मुलगा, १२ वर्षांचा, त्याने टीएमएस घेतलं आणि आता तो आल्या आल्या स्वतःहून हात हलवतो, शाळेत एक मित्र झालाय. मी डोळ्यांनी बघितलंय. संशोधनात सरासरी काढतात, त्या सरासरीत एखाद्याला झालेला फायदा बुडून जातो. आईला आशा वाटत असेल तर ती मोडू नये असं माझं मत.

---

अनघाचा_बाबा

वाटसरू, तुम्ही बघितलंत ते खोटं आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण माझा अनुभव लिहितो, तो मी फार कमी जणांना सांगितलाय.

आमची मुलगी ७ वर्षांची असताना एका औषधाच्या ट्रायलमध्ये होती. ऑक्सिटोसिन नव्हे, दुसरंच होतं. दर आठवड्याला आम्ही प्रश्नावली भरायचो. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून चेंडू माझ्याकडे ढकलला, पाचव्या आठवड्यात "बाबा चल" म्हणाली, दोन शब्द जोडून. बायको रडली होती त्या रात्री. आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं की औषध लागू पडलं. ट्रायल संपल्यावर कळलं की तिला प्लासिबो होता, म्हणजे काहीच नव्हतं त्यात.

मला पहिले काही दिवस राग आला, मग रिकामं रिकामं वाटलं, आणि मग हळूहळू दुसरंच काही लक्षात यायला लागलं. "बाबा चल" तर तिनेच म्हटलं होतं ना. ते शब्द खरे होते. त्या काळात आम्ही रोज संध्याकाळी तिच्याजवळ जमिनीवर बसत होतो कारण प्रश्नावलीत लिहायला काहीतरी दिसायला हवं होतं. फोन बाजूला असायचा. ती काय करते ते आम्ही आयुष्यात पहिल्यांदा इतकं नीट बघत होतो. शिवाय ७ वर्षांचं मूल तीन महिन्यांत मोठंही होतंच, ते आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

ताई, तुम्ही संधी घालवताय का असं विचारलंत म्हणून लिहिलं. आमच्या घरात जो फरक पडला त्याचं श्रेय मी एका रिकाम्या बाटलीला देऊन बसलो होतो.

---

संधिप्रकाश

बाबा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याच्याच जोडीची एक जुनी गोष्ट आहे. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेच्या हार्मोनबद्दल एक अहवाल आला, पोटाच्या तपासणीसाठी ते दिलेल्या ३ ऑटिस्टिक मुलांत बोलणं आणि नजर सुधारली असा. हजारो आईवडील मागे लागले. १९९९ मध्ये ६० मुलांवर एका डोसची ट्रायल झाली, दोन्ही गटांत सुधारणा, फरक शून्य. आणि हा निकाल कळवल्यानंतरही त्यातल्या ६९ टक्के पालकांनी सांगितलं की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. मी या पालकांना कधीच नावं ठेवणार नाही, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच. पण काडी विकणाऱ्याने ती काडी आहे एवढं तरी सांगावं की नाही.

अजून एक राहिलं, सोशल हार्मोन म्हणून लोक फक्त ऑक्सिटोसिनचं नाव घेतात, त्याचं भावंड व्हॅसोप्रेसिन, ९ पैकी फक्त २ अमिनो आम्लांचा फरक. २०१९ मध्ये ३० मुलांच्या एका छोट्या ट्रायलमध्ये व्हॅसोप्रेसिनचा स्प्रे देऊन सामाजिक वागणुकीत सुधारणा दिसली. त्याच वर्षी एका औषध कंपनीच्या बॅलोव्हॅप्टन नावाच्या गोळीचे निकाल आले आणि ती गोळी व्हॅसोप्रेसिनचा रिसेप्टर बंद करते! म्हणजे एकीकडे हार्मोन वाढवून फायदा, दुसरीकडे त्याचं दार लावून घेऊन फायदा. पुढे बॅलोव्हॅप्टनच्या मोठ्या ट्रायल्स उपयोग दिसत नाही म्हणून २०२० मध्ये थांबवल्या. मला यात एवढंच दिसतं की छोट्या ट्रायलमधली सुधारणा आणि टिकणारी सुधारणा यांच्यात मोठी दरी आहे, आणि "कमी आहे, भरून काढू" हे टाकीत पाणी भरण्यासारखं चित्र मेंदूला लागू पडत नाही. तेच हार्मोन मेंदूच्या कुठल्या भागात, कुठल्या क्षणी, समोर कोण असताना सुटतंय यावर सगळं अवलंबून असतं. २०१३ मध्ये उंदरांत दिसलं होतं की दुसऱ्या उंदराच्या सोबतीची गोडी लागायला न्यूक्लिअस अक्युम्बेन्स या भागात ऑक्सिटोसिन आणि सेरोटोनिन दोन्हींची एकत्र कामगिरी लागते. नाकातला स्प्रे अशी वेळ आणि जागा साधू शकत नाही.

टीएमएसचं मला वरवरच ठाऊक आहे, कुणी त्यातलं असेल तर लिहा.

---

कॉइलवाली

मी टीएमएस देणारी टेक्निशियन आहे, रोज हेच काम करते, म्हणून लिहिते. मशीनवर माझा विश्वास आहे हे आधीच सांगते, डिप्रेशनमधून माणसं बाहेर येताना मी बघितलीयेत.

डोक्यावर एक कॉइल धरतो, तिच्यातून अगदी क्षणभर जोरदार करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत बारीकसा विद्युतप्रवाह उठवतं. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा दाखवलं, मेंदूच्या हालचालीच्या भागावर कॉइल धरली आणि माणसाची बोटं हलली. आम्ही आजही पहिल्या दिवशी तेच करतो, अंगठा कधी हलतो ते बघून ताकद ठरवतो. सेकंदाला एकदा दिलं तर तो भाग साधारण शांत होतो, १० वेळा दिलं तर चेततो, असं पुस्तकात असतं, प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो आणि तो कधीकधी उलटाही असतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये डिप्रेशनसाठी आणि २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती करायला लावणारा आजार) मान्यता दिली. ऑटिझमसाठी मान्यता नाही. हे वाक्य सेंटरने तुम्हाला स्वतःहून सांगायला हवं होतं, सांगितलं का?

ऑटिझममध्ये हे का करून बघतात त्यामागे एक कल्पना आहे. २००३ मध्ये रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक यांनी मांडलं की काही ऑटिस्टिक मेंदूंत चेतवणारे आणि आवरणारे संदेश यांचा तोल वेगळा असतो. २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला हा तोल प्रकाशाने मुद्दाम बिघडवला तर ते दुसऱ्या उंदराजवळ जाईनासे झाले. मग वाटणारच की कॉइलने तोल सावरू. पण उंदरात ते ठरावीक जातीच्या पेशींना हात घालत होते, माझी कॉइल एका घासात त्या भागातल्या सगळ्या जातीच्या पेशी घेते. शिवाय नेहमीची कॉइल दोनतीन सेंटिमीटरच्या खाली फारशी पोचत नाही, अमिग्डाला, हायपोथॅलॅमस हे सगळं खोल आहे, तिथे थेट जाताच येत नाही.

माणसांवरच्या अभ्यासांत २०१४ चा एक आहे, २८ ऑटिस्टिक प्रौढ, खोल जाणारी कॉइल, दोन आठवडे, एका महिन्यानंतर इतरांशी वागण्यातल्या अडचणी कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. चांगला अभ्यास, पण छोटा. २०२० मध्ये १६ ते ३५ वयाच्या ४० जणांवर २० सेशन्स केली, लक्षात ठेवणं आणि कामाची आखणी सुधारते का बघायला, तिथे खऱ्या आणि खोट्या कॉइलमध्ये एकूण फरक दिसला नाही, फक्त रोजच्या व्यवहारात ज्यांना जास्त अडचण होती त्यांच्यात थोडी आशा दिसली. खोटी कॉइल म्हणजे तसाच आवाज, तसाच टकटक स्पर्श, पण मेंदूपर्यंत काही जात नाही. ही तुलना ज्यात नाही त्या अभ्यासावर मी तरी विसंबणार नाही. वाटसरूदादा, तुमच्या पुतण्याच्या बाबतीत खोटी कॉइल नव्हती, म्हणून सांगता येत नाही, एवढंच. रोज ठरलेल्या वेळी बाहेर पडणं, त्याच त्याच माणसाला भेटणं, त्याने नावाने हाक मारणं, हे सगळं मीही करते सेशनमध्ये आणि त्याचाही परिणाम होतोच की.

सुरक्षेचं विचाराल तर फिट येण्याचा धोका फार कमी आहे, हजारात एकाहून कमी, पण ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे पूर्वी फिट आली होती का, घरात कुणाला आहे का, कुठली औषधं चालू आहेत हे विचारल्याशिवाय कॉइल डोक्याला लावूच नये. कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा डोक्यात धातू असेल तर नाहीच. आणि आवाज! कानात बोळे घालूनही तो ठक्क ठक्क ऐकू येतो. तुमचा मुलगा पाइपातलं पाणी ऐकतो म्हणालात. असा कान असलेल्या मुलाला ३० दिवस त्या खुर्चीत हलू न देता बसवायचं म्हणजे काय ते मी डोळ्यांसमोर आणू शकते.

जाता जाता, पट्ट्या लावून बारीक करंट सोडतात तो टीडीसीएस वेगळा प्रकार, १ ते २ मिलिअँपिअर, त्यातला बराचसा कातडीतूनच वाहून जातो. घरी वापरायची यंत्रं विकतात, मुलांवर घरी अजिबात करू नका.

---

शांत_कोपरा

मी ऑटिस्टिक आहे, ३४ वर्षांची, निदान २९ व्या वर्षी झालं. टीएमएस घेतलंय, डिप्रेशनसाठी. त्यामुळे खुर्चीतून काय दिसतं ते सांगते.

पहिले चार दिवस कपाळात कुणी टिचक्या मारतंय असं वाटायचं आणि घरी येऊन मी अंधारात पडून राहायचे. नंतर सवय झाली. चौथ्या आठवड्यात एक दिवस उठून खिडकी उघडावीशी वाटली. कित्येक महिन्यांनी काही "करावंसं" वाटलं होतं. मला त्याचा फायदा झाला, मी त्या मशीनची ऋणी आहे.

पण मग ओळखीचे लोक म्हणायला लागले की अरे वा हिचा ऑटिझम कमी झाला, बोलते, येते जाते. माझा ऑटिझम होता तिथेच आहे. ट्यूबलाइटची गुणगुण आजही डोक्यात जाते, फोनवर बोलायचं तर आजही आधी लिहून घेते. उदासी उतरली, म्हणून दाराबाहेर पडायची ताकद आली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. वाटसरू, तुमच्या पुतण्याच्या मनावर ओझं होतं का हे कुणी त्याला विचारलंय का? चिंता, झोप, पोटाचा त्रास, यातलं काहीही हललं की मूल जास्त "सोशल" दिसतं.

ताई, "नजरेला नजर" बद्दल. मी लहान असताना हनुवटी धरून माझं तोंड वर करायचे. मला डोळ्यांत बघणं हे प्रखर दिव्यात बघण्यासारखं आहे, बघितलं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. २०१७ मध्ये स्कॅनरमध्ये झोपवून ऑटिस्टिक लोकांना चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडेच बघायला लावलं तर मेंदूतला खोलवरचा सावध करणारा भाग, अमिग्डाला वगैरे, इतरांपेक्षा जास्त पेटला. म्हणजे आम्ही बघत नाही तेव्हा रस नसतो असं धरू नका, कित्येकदा फार जास्त होतं म्हणून नजर वळवतो. माझ्यासाठी तर नक्कीच. मग स्प्रे किंवा कॉइलने नजर मिळायला लागली तर त्याने कुणाचं बरं झालं, ते मूल आतून काय सोसतंय हे कुठल्या प्रश्नावलीत आहे? बहुतेक ट्रायल्समध्ये स्कोअर आईवडील किंवा डॉक्टर भरतात.

आणि "स्वमग्न" हा शब्द. १९११ मध्ये ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी "ऑटिझम" शब्द काढला तो स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांसाठी, जगापासून तुटून आत वळलेले म्हणून. मराठीत आपण त्याचं भाषांतर करून घेतलं आणि ते आमच्या कपाळी राहिलं. निनाद तुमच्या पाठीला पाठ लावून बसतो. स्वतःत मग्न असलेला माणूस बसायला दुसऱ्याची पाठ शोधत येईल का?

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. २०२० मध्ये ८-८ जणांची साखळी करून कानगोष्टीसारखी एक गोष्ट पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. आता यातलं कुणाचं हार्मोन कमी म्हणायचं?

---

वाटसरू_७

शांत_कोपरा, तुम्ही विचारलंत ते खरंच कुणी विचारलेलं नाही. भावाला फोन केला आत्ता. त्याच सुमारास शाळा बदलली होती, जुन्या शाळेत मुलं त्रास द्यायची. हे मला माहीतच नव्हतं. तरी मी म्हणेन की टीएमएसने काहीच केलं नाही असंही सिद्ध होत नाही.

---

कॉइलवाली

अगदी बरोबर, नाहीच होत. म्हणूनच खोट्या कॉइलशी तुलना करणाऱ्या मोठ्या ट्रायल्स व्हायला हव्यात आणि मला त्या मनापासून हव्यायत. ट्रायलमध्ये घेतलं तर घ्यावं की, तिथे पैसे मागत नाहीत, धोका लिहून देतात, मुलाला नको म्हणायचा हक्क असतो आणि त्रास झाला तर थांबवणारं कुणीतरी बसलेलं असतं. उपचार म्हणून विकणं ही वेगळी गोष्ट.

---

निनादची_आई

तुम्हा सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं. अनघाच्या बाबांचं वाचताना तर मध्येच थांबावं लागलं.

आज सेंटरला फोन केला. विचारलं की हार्मोन कमी आहे हे कशावरून, ऑटिझमसाठी याला मान्यता आहे का, सुधारणा कशाने मोजणार आणि ती कोण मोजणार, आणि त्याला नको झालं तर मध्येच थांबवता येईल का. पहिल्याला उत्तर आलं की लक्षणांवरून कळतं. मान्यतेबद्दल "जगभर करतात". मोजणार तुम्हीच, घरी फरक दिसेलच. थांबवता येईल, पण पूर्ण ३० चे आधी भरावे लागतात. मी नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते पण बरं वाटलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कॉइलवाली ताई, फिट्सचं वाचून आठवलं, तो कधीकधी दहापंधरा सेकंद एकटक थांबतो, हाक मारली तरी हलत नाही, खांद्याला हात लावला तरी नाही. आम्ही ते ऑटिझमचंच धरत आलो. आणि शांत_कोपरा, डोळ्यांत न बघता त्याच्याशी बोलायचं तर कसं? मी प्रश्न विचारते आणि उत्तर येत नाही, मग मीच पुन्हा विचारते.

---

कॉइलवाली

एकटक थांबणं आणि स्पर्शालाही न हलणं हे न्यूरॉलॉजिस्टना नक्की सांगा, पुढच्या वेळी झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, त्यांना त्याचा फार उपयोग होतो. ईईजी करायचा का ते ठरवतील. स्वतःच्या विचारात हरवलेलं मूल बहुतेक वेळा हात लावला की भानावर येतं, म्हणून ते वेगळं बघायला हवं. घाबरू नका, पण पुढे ढकलूही नका.

---

शांत_कोपरा

समोर बसू नका, शेजारी बसा. किंवा पाठीला पाठ लावलेली असते ना, तेव्हाच विचारा, तोच त्याने निवडलेला मार्ग आहे. प्रश्न छोटा, एकच, आणि मग थांबा. पुन्हा विचारलंत की माझ्या डोक्यात तरी आधीचा प्रश्न पुसला जाऊन सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मनात आकडे मोजा हवं तर. दहापर्यंत नाही, वीसपर्यंत. आणि प्रश्न त्याला आवडतं त्याबद्दलचा असला तर उत्तम.

---

निनादची_आई

न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली, मंगळवारची.

आणि आज संध्याकाळी तो येऊन बसला तेव्हा विचारलं, कसलं पाणी वाहतंय रे हे? आणि मोजत बसले. अठराला उत्तर आलं. म्हणाला, "वरचं. खालचं जाड वाजतं." मग आम्ही दोघं खालचं वाजायची वाट बघत बसलो.